शेवटच्या हप्त्याचं भांडण

पुणे-सातारा महामार्गावर चेलाडी फाट्याला उजवीकडे वळायचं, नसरापूर मागे टाकायचं, मार्गासनी आणि साखर करत गुंजवण्याला पोचायचं. राजगडाच्या पायथ्याचं हे गाव चोरदरवाजाने गड चढणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. गेल्या काही वर्षांत या रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतघरं, होम-स्टे, जेवणाची ठिकाणं आणि पुणेकरांचे बंगले उभे राहिले. मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगडाचं नाव देण्याचा निर्णय घेतला, जुलै 2025 मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्यामुळे बांधकामं कमी होण्याची शक्यता नाही. धानेपजवळचं 3.69 टीएमसीचं गुंजवणी धरण, त्याचं पुरंदरपर्यंत जाणारं बंद नळातलं पाणी, जलजीवनच्या टाक्या, ग्रामपंचायतींचे सिमेंट रस्ते ही सरकारी कामंही याच खोऱ्यातली. एकूण काय, कुणीतरी कुणाला काम दिलंय आणि कुणाचे तरी पैसे अडकलेत, असा संवाद इथे चहाच्या टपरीवर कधीही ऐकू येतो.

ठेकेदार लबाड असतो किंवा मालक चिंधी असतो, या दोन्ही समजुती बाजूला ठेवून या प्रश्नाकडे पाहायला हवं. लबाड माणसं आहेतच, पण ती थोडी. बहुतेक तंटे दोन बऱ्यापैकी प्रामाणिक माणसांत होतात आणि ते बहुधा शेवटच्या हप्त्यावर होतात. जोत्याचा हप्ता मिळतो, स्लॅबचा मिळतो, प्लास्टरचाही कसाबसा मिळतो. शेवटचे दहा-पंधरा टक्के द्यायची वेळ आली की मालकाला गच्चीची गळती, पोकळ वाजणाऱ्या फरशा आणि न बसणारा दरवाजा आठवतो. ठेकेदाराला त्याच वेळी आठवतं, की मागची भिंत उंच घेतली, पाण्याची टाकी वाढवली, गेटचे खांब बांधले, आणि हे काहीच हिशेबात आलेलं नाही. दोघांच्या आठवणी खऱ्या असतात. कागदावर मात्र दोन्ही नसतात.

या खोऱ्यात भांडणाचं पहिलं कारण जमीनच पुरवते. गुंजवण्याकडची जमीन उताराची. नकाशा पुण्यात बसून काढलेला असतो, त्यात जोतं सरसकट दोन फूट दाखवलेलं असतं. प्रत्यक्षात पुढच्या अंगाला दोन फूट भरतं आणि मागच्या अंगाला सात. समजा घर चाळीस बाय पंचवीसचं आहे, म्हणजे हजार चौरस फूट. मागची भिंत चाळीस फूट लांब, पाच फूट जादा उंच आणि दीड फूट रुंद धरली तर तीनशे घनफूट, म्हणजे तीन ब्रास दगडी बांधकाम वाढलं. दोन्ही बाजूंच्या उतरत्या भिंतींचं जवळजवळ दोन ब्रास धरा. आणि आतला भराव? सरासरी अडीच फूट खोलीने तो अडीच हजार घनफूट होतो, पंचवीस ब्रास. ब्रासभराची ट्रॉली धरली तर मुरमाच्या पंचवीस खेपा, वर पाणी मारून धुमस. त्यात खाली काळा पाषाण लागला तर पोकलेनला ब्रेकर लावून तासाच्या हिशेबाने खोदाई. हे सगळं ‘चौरस फुटाला इतके’ या एका आकड्यात बसवायचं म्हटलं तर कुणाच्या तरी खिशाला भोक पडणारच. घर हजार फुटांचंच राहतं आणि मिस्त्रीचं काम मात्र जमिनीखाली वाढलेलं असतं, जे वास्तुशांतीच्या दिवशी कुणाला दिसत नाही.

चौरस फूट कुठला, हाही प्रश्न आहेच. लेबर रेटने काम घेणारा मिस्त्री स्लॅबचं क्षेत्र मोजतो. त्यात छज्जा येतो, पोर्च येतो, जिना कधी दीडपट, कधी दुप्पट येतो. मालक आतून टेप लावतो. ‘विथ मटेरियल’ काम असेल तर आणखी घोळ: सिमेंट कोणत्या कंपनीचं, सळई कोणती, नळ साधे की भारीतले, विजेचे पॉइंट किती. बोलणी करताना मालक म्हणतो, “मिस्त्री, तुम्ही आमच्या घरचेच, चांगलंच करून द्याल.” मिस्त्री म्हणतो, “साहेब, पैशाचं काय, तुम्ही बघूनच द्याल.” आपल्याकडे सौदा इथे पक्का झाला असं मानतात. खरं तर तंट्याची पायाभरणी इथे झालेली असते.

प्लास्टरच्या मोजमापाचं उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखं आहे, कारण दोघेही मनापासून चुकीचे असू शकतात हे त्यातून कळतं. खिडक्या चार बाय चारच्या, आठ. एक खिडकी सोळा चौरस फूट, आठ मिळून एकशे अठ्ठावीस. मिस्त्रीचं म्हणणं, खिडकी वजा करायची पद्धत नाही, कारण तिच्या कडा काढायला जास्त हात लागतो. मालकाचं म्हणणं, जिथे भिंतच नाही तिथल्या प्लास्टरचे पैसे कसले? आतून-बाहेरून दोन्हीकडून वजा करा, दोनशे छप्पन्न फूट. समजा मजुरी फुटाला तीस रुपये. म्हणजे वाद 7,680 रुपयांचा. यावर भारतीय मानक आहे, आयएस 1200, बांधकामाच्या मोजमापाचं. ते सांगतं, अर्धा चौरस मीटरपर्यंतचं भोक अजिबात वजा करायचं नाही. अर्धा ते तीन चौरस मीटर असेल तर एकाच बाजूचं वजा करायचं, आणि कडांचे वेगळे पैसे नाहीत. तीन चौरस मीटरच्या वर असेल तर दोन्ही बाजू वजा आणि कडा वेगळ्या मोजायच्या. चार बाय चारची खिडकी सुमारे दीड चौरस मीटरची. म्हणजे एक बाजू वजा, 3,840 रुपये. निम्म्यावर तोड, आणि तीही कुणी मध्ये पडून मन राखण्यासाठी काढलेली नाही. त्यामागे कडांच्या मेहनतीचा हिशेब आहे. करारात ‘मोजमाप आयएस 1200 प्रमाणे’ असे चार शब्द असले तर हा वाद उद्भवतच नाही. खोऱ्यातल्या खाजगी कामांत हे चार शब्द फार क्वचित सापडतात.

पाऊस हे दुसरं कारण. जून ते सप्टेंबर राजगड-तोरण्याच्या परिसरात उघड्यावरचं काम जवळपास थांबतं, माल घेऊन येणारी गाडी चिखलात रुतते, मजूर गावी शेतीला जातात. ‘सहा महिन्यांत ताबा’ असं जानेवारीत ठरवणाऱ्याने पावसाळा धरलाय का, हे दोघांनीही विचारलेलं नसतं. मग मालक उशिराबद्दल दर दिवसाला दंड कापतो. करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी तो आपोआप पदरात पडत नाही. त्या आकड्याच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. उलट, मुदत उलटून गेल्यावर मालकाने काही न बोलता काम करून घेतलं आणि भरपाई मागणार असल्याचं त्याच वेळी कळवलं नाही, तर पुढे उशिराची तक्रार पातळ होते. हे कलम 55 मध्ये आहे. म्हणून नाराजी त्याच आठवड्यात लिहून कळवावी. वास्तुशांतीला जेवू घालून मग नोटीस पाठवणाऱ्या मालकाकडे न्यायाधीश साहजिकच भुवया उंचावून बघतात.

तोंडी सांगितलेल्या जादा कामाचं काय? लिहिलेलं नाही म्हणजे बुडालं, अशी समजूत आहे, ती बरोबर नाही. करार कायद्याच्या कलम 70 प्रमाणे एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केलं आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. डिसेंबर 1961 मधला पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या बाबतीत पाया मानला जातो. अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून ठेकेदाराने खात्यासाठी बांधकामं केली होती, कायद्याला हवा तसा औपचारिक करार झाला नव्हता. सरकारने ती बांधकामं वापरली, म्हणून पैसे द्यावे लागले. मात्र काम केलं, ते समोरच्याने स्वीकारलं आणि त्याची वाजवी किंमत इतकी, हे तिन्ही शाबीत करण्याचा भार ठेकेदारावर राहतो. भरावाखाली गेलेली भिंत शाबीत कशी करणार? भराव घालायच्या आधी टेप लावून काढलेला फोटो, आणि तो त्याच संध्याकाळी मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवून “मागची भिंत पाच फूट वाढवली, ब्रासचा दर ठरल्याप्रमाणे” एवढी एक ओळ. समोरून ‘ओके’ किंवा नुसता अंगठा आला तरी पुष्कळ.

असे संदेश न्यायालयात चालतात, पण सोबत ठरावीक प्रमाणपत्र लागतं. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खाली द्यायचं असतं. हे प्रमाणपत्र टाळता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल आपल्याच जालन्याच्या निवडणूक वादातून आला, अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या. फोन बदलताना जुने संदेश पुसून टाकणारा ठेकेदार आपलंच बिल पुसत असतो. स्टँपचंही सांगायला हवं. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात शंभरच्या स्टँपची बहुतेक कामं पाचशेवर गेली, म्हणून कित्येक जण करार लिहायचंच टाळतात. साध्या कागदावर सह्या केलेला करारही करारच असतो; मुद्रांक कमी असेल तर न्यायालयात तो वाचून दाखवण्याआधी कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरावा लागतो, इतकंच. काहीच न लिहिण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

भांडण झाल्यावर माणसं पहिल्यांदा पोलीस ठाण्यात जातात. तिथे अदखलपात्र नोंद होते, फौजदार दोघांना समोर बसवून दम देतो, कधी कधी तडजोडही होते. पण कराराचा भंग म्हणजे फसवणूक नव्हे. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दिसलं तरच गुन्हा उभा राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात 2000 मध्ये स्पष्ट केलं आणि त्यानंतर कितीदा तरी बजावलं. उचल घेऊन एकही वीट न रचता गायब झालेला ठेकेदार त्यात बसेल. स्लॅबपर्यंत काम करून दरावरून अडलेला बसणार नाही. पोलिसांच्या धाकाने केलेली वसुली मला दोन्ही बाजूंना धोक्याची वाटते, कारण आज ज्याची ओळख आहे तो जिंकतो आणि उद्या दुसऱ्याची ओळख निघते.

धनादेश वटला नाही तर गोष्ट निराळी. परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 खाली बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर पंधरा दिवसांची मुदत, आणि तेवढ्यात पैसे न आल्यास त्यानंतर एका महिन्याच्या आत तक्रार. यातला एक दिवस चुकला तरी गाडी अडते. शेवटच्या हप्त्याचा धनादेश आधी घेऊन ठेवणारे ठेकेदार खोऱ्यात बरेच आहेत. मालकाने तो ‘काम पूर्ण झाल्याच्या तपासणीनंतर’ वटवायचा असं करारात लिहून मगच द्यावा, नाहीतर अर्धवट कामाचाही धनादेश बँकेत पडतो.

मालकासाठी ग्राहक आयोगाची वाट चांगली आहे. घरबांधणी ही सेवा आहे, हे लखनौ विकास प्राधिकरणाच्या 1993 च्या निकालाने पक्कं झालं. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंत फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत. वकील नसला तरी चालतं. पण ठेकेदाराला आपलं बिल मागायला इथे दार नाही. आणि गुंजवण्याच्या बाबतीत एक मेख आहे: होम-स्टे बांधून घेणाऱ्याला ‘तुमचा हेतू व्यावसायिक’ म्हणून बाहेर काढलं जाऊ शकतं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून चालवत असल्याचं दाखवता आलं तर सूट आहे. पुण्यात नोकरी करून इथे पाच खोल्या भाड्याने देणाऱ्याला ते दाखवणं कठीण. ‘महारेरा’चं नाव या भांडणांत उगाच घेतलं जातं, तो कायदा विकसकाकडून घर घेणाऱ्यांसाठी आहे, स्वतःच्या जमिनीवर मिस्त्रीकडून बांधून घेणाऱ्यासाठी नाही.

मग उरतं दिवाणी न्यायालय. इथे एक बदल अजून पुष्कळांना माहीत नाही. वाणिज्यिक न्यायालय कायद्यात बांधकामाचे करार येतात, आणि 2018 पासून त्याची किमान रक्कम तीन लाखांवर आली. अशा दाव्यात तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी करावीच लागते, नाहीतर दावा दारातच फेटाळला जातो. 2022 च्या पाटील ऑटोमेशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सक्तीचं ठरवलं. सक्तीची मध्यस्थी म्हटली की वकील मंडळी नाकं मुरडतात, पण बांधकामाच्या तंट्याला हीच वाट सर्वांत जास्त मानवते असं माझं मत आहे. कारण इथे बहुतेक वेळा हवा असतो तो कुणीतरी तिसरा माणूस, जो टेप धरेल. मध्यस्थीत दोघांच्या संमतीने एखादा अभियंता नेमून संयुक्त मोजमाप करून घेता येतं, आणि संयुक्त मोजमापाच्या कागदावर सह्या झाल्या की निम्मं भांडण मिटलेलं असतं. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नसतं आणि तिची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखी होते. पाच-सात लाखांच्या वादासाठी दहा वर्षं तारखा घेण्यापेक्षा हे बरं.

लवादाचं कलम मात्र विचार करून घालावं. इंटरनेटवरून उतरवलेल्या करारात ‘मालक नेमेल तो लवाद’ असं सर्रास असतं. एका पक्षाने एकट्याने लवाद नेमण्याला न्यायालयं 2019 पासून हरकत घेत आली आहेत, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने रेल्वे विद्युतीकरणाच्या प्रकरणात सरकारी उपक्रमांच्या बाबतीतही ते समानतेविरुद्ध असल्याचं सांगितलं. शिवाय लवादाची फी. वीस लाखांच्या बंगल्याला लवाद परवडत नाही.

सरकारी काम हे वेगळंच जग आहे. तिथे कागद भरपूर असतो आणि तरीही पैसे अडकतात. बी-1 म्हणजे टक्केवारी दराची निविदा, बी-2 म्हणजे बाबवार दराची. दरसूची, मोजमाप पुस्तिका, चालू देयक, जादा बाबींची यादी, सुरक्षा ठेव, दोषदायित्वाचा काळ हे सगळं ठरलेलं. वाद झाला तर बी-1 च्या कलम 30 नुसार अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम. म्हणजे ज्या खात्याशी भांडण, त्याच खात्याचा वरचा साहेब न्याय देणार. अभियंते प्रामाणिक असले तरी ही रचना पटण्यासारखी नाही. पण सध्याचं मोठं दुखणं वादाचं नाहीच. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, देयक मंजूर झालं, कुणाचा आक्षेप नाही, आणि तरी निधी नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये राज्यातल्या कंत्राटदार संघटनांनी थकबाकी 89 हजार कोटींची असल्याचं सांगत काम बंद करण्याचा इशारा दिला. आकडा संघटनांचा आहे, तरी मंजूर कामं तरतुदीपेक्षा कितीतरी जास्त आहेत हे कुणी नाकारत नाही. मार्चअखेरीस खात्याच्या दारात ठेकेदारांची जी रांग लागते ती भोरलाही लागते आणि नांदेडलाही.

या साखळीत सर्वांत खाली असतो उपठेकेदार. जुलै 2025 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात जलजीवनचं काम केलेल्या एका तरुण ठेकेदाराने आत्महत्या केली, सुमारे 1.40 कोटी रुपये अडकल्याचं सांगितलं गेलं. सरकारकडून उत्तर आलं, की त्याच्या नावावर थेट कंत्राट नव्हतं, तो उपठेकेदार होता. कायद्याच्या भाषेत हे उत्तर चुकीचं नाही: करार ज्याच्याशी, पैसे त्याच्याकडे मागायचे. पण पाइप जमिनीत त्यानेच टाकले होते. जलजीवनची मुदत केंद्राने 2025 च्या अर्थसंकल्पात 2028 पर्यंत वाढवली. ज्यांनी आधीच कर्ज काढून पाइप आणले, त्यांच्या व्याजाची मुदत कुणी वाढवली नाही. ‘वरून आले की देतो’ हे वाक्य मोठ्या ठेकेदाराने लहानाला म्हणणं हा आपल्याकडे रिवाज आहे, आणि त्यात सर्वांत खालच्या माणसाचं भांडवल वरच्याच्या कामाला लागतं.

हे काही आजचं नाही. मुंबई-पुणे रेल्वेच्या बोरघाटात (हा घाट खंडाळ्याचा, भोर गावाशी त्याचा संबंध नाही) 1856 मध्ये विल्यम फॅव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराने काम सुरू केलं. हजारो मजूर मधल्या मुकादमांमार्फत लावलेले. जानेवारी 1859 मध्ये मजुरीच्या तक्रारींवरून दंगा झाला, चौकशी बसली, आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने कंत्राट सोडलं. पुढे सॉलोमन ट्रेडवेलने ते घेतलं, तो हिंदुस्थानात आल्यावर लवकरच वारला, आणि त्याच्या पत्नीने, अॅलिस ट्रेडवेलने, ते निभावून नेलं. 1863 मध्ये घाट खुला झाला. अशाच रेल्वे-तंट्यांच्या पार्श्वभूमीवर 1860 चा मालक-मजूर तंटा कायदा आला, ज्यात मॅजिस्ट्रेटने मजुरीचा वाद झटपट सोडवायचा होता. त्या कायद्यात काम सोडणाऱ्या मजुरालाच तुरुंगाची भीती होती, त्यामुळे त्याचे गोडवे गायचं कारण नाही. पण बांधकामाच्या पैशाचा वाद लवकर सुटला पाहिजे, नेहमीच्या दाव्याच्या चालीने तो चालणार नाही, हे तेव्हाच्या सरकारलाही उमगलं होतं.

मोठ्यांचीही गत फार वेगळी नाही. वालचंद हिराचंद यांनी 1926 मध्ये काढलेली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली ती याच दुखण्याने: लवादात जिंकायचं, सरकारी संस्थेने आव्हान द्यायचं, आणि पैसे वर्षानुवर्षं अडकून पडायचे. नोव्हेंबर 2019 मध्ये न्यायालयाने लवाद कायद्यातलं कलम 87 रद्द केलं, म्हणजे केवळ आव्हान दिल्याने निवाड्याला आपोआप स्थगिती मिळणं बंद झालं. त्याआधी 2016 मध्ये केंद्राने, आव्हान दिलेल्या निवाड्यातली 75 टक्के रक्कम बँक हमी घेऊन द्यावी, असं ठरवलं होतं. 2023 मध्ये ‘विवाद से विश्वास’चा दुसरा टप्पा आला: जिंकलेल्या रकमेतला मोठा भाग घ्या आणि उरलेला सोडा. न्यायालयात जिंकलेल्याला 85 टक्क्यांपर्यंत, लवादात जिंकलेल्याला 65 टक्क्यांपर्यंत. आणि जून 2024 मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सल्ला दिला, की सरकारी करारांत लवाद सरसकट ठेवू नये, ठेवला तर दहा कोटींच्या आतल्या वादांसाठीच. एकीकडे देशाला लवादाचं केंद्र करायची भाषणं आणि दुसरीकडे स्वतःच्या करारांतून लवाद काढायचा, हे काही मला कळलेलं नाही.

लहान उद्योगांसाठी 2006 चा कायदा आहे. पंचेचाळीस दिवसांत पैसे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि सुविधा परिषदेकडे अर्ज. निवाड्याला आव्हान द्यायचं तर 75 टक्के रक्कम आधी भरा. ऐकायला उत्तम. पण बांधकामाचं संपूर्ण कंत्राट या कायद्याच्या ‘माल किंवा सेवा’त बसतं का, यावर न्यायालयांत एकमत नाही, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा कल ठेकेदारांना फारसा अनुकूल राहिलेला नाही. तरी ‘उद्यम’ नोंदणी करून ठेवायला खर्च काही नाही; खडी, विटा किंवा जेसीबीचं भाडं यांसारख्या मागण्यांत ती उपयोगी पडते, आणि नोंदणी कामाच्या आधीची असलेली बरी.

आपल्याकडे नसलेली आणि असायला हवी अशी व्यवस्था ब्रिटनमध्ये 1996 च्या कायद्याने आली. तिथे बांधकामाच्या बहुतेक करारांतला पैशाचा वाद एका जाणकार निवाडाकाराकडे नेता येतो आणि त्याने अठ्ठावीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तरी आधी पैसे द्यायचे, मग न्यायालयात जायचं. ‘वरून आले की देतो’ हे कलम तिथे कायद्यानेच जवळपास बाद आहे. सिंगापूरने 2004 मध्ये असाच कायदा केला. या निवाडाकारांत सर्वेक्षक आणि अभियंते असतात, टेप धरणारी माणसं. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत निवृत्त उपअभियंते आणि शाखा अभियंते काही कमी नाहीत. मोजमाप पुस्तिका कशी लिहावी हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? पंचवीस लाखांपर्यंतच्या खाजगी बांधकामाच्या वादांसाठी त्यांची नामिका करून, ठरावीक फी ठेवून, महिनाभरात निवाडा देण्याची सोय विधिसेवा प्राधिकरणांना आजही मध्यस्थीच्या चौकटीत बरीचशी करता येईल. सक्तीचा निवाडा हवा असेल तर कायदा करावा लागेल, आणि तो उपठेकेदारालाही लागू झाला पाहिजे. कंत्राटदार संघटनांनी थकबाकीसाठी मोर्चे काढताना ही मागणी पुढे ठेवावी, कारण त्यांच्या सभासदांपैकीच कित्येक जण आपल्या खालच्यांचे पैसे थांबवून बसले आहेत आणि तो प्रश्न मोर्चाने सुटणार नाही.

तोवर खोऱ्यातल्या मालकाने आणि मिस्त्रीने करायचं ते थोडं आहे. जमिनीचा उतार मोजून मगच दर ठरवा. चौरस फूट म्हणजे काय ते एका ओळीत लिहा. जादा कामाचा दर आधी ठरवा, त्याची नोंद त्याच दिवशी करा. दर हप्त्याला दोघांनी मिळून मोजमाप करून वहीत सह्या करा. शेवटचा हप्ता किती आणि कशावर अवलंबून, तेही लिहा. एक पावसाळा गळती न होता गेल्यावर द्यायचे पाच टक्के वेगळे ठेवले तर दोघांनाही ते पटण्यासारखं आहे. आणि काम ज्या दिवशी संपलं ती तारीख सहीनिशी लिहून ठेवा. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल तर केलेल्या कामाच्या किमतीचा दावा त्या तारखेपासून तीन वर्षांतच लावता येतो. देणेकऱ्याने मुदतीत लेखी कबुली दिली किंवा काही रक्कम लेखी पुराव्यासह चुकती केली तर मुदत नव्याने सुरू होते; नुसतं “देतो म्हणालेत” याने ती एका दिवसानेही वाढत नाही.